समोरून दिसते, मागून दिसत नाही : घाटातल्या पावसात गाडीच्या ‘ऑटो’ दिव्यांचे अर्धेच काम

बेळगाव : जुलै महिना, दुपारचे तीन. जांबोटी सोडून कणकुंबीकडे चढू लागले की पाऊस आडवा होतो आणि धुके थेट रस्त्यावर उतरते. समोरून येणाऱ्या नव्या गाड्या तरीही लांबूनच कळतात, कारण त्यांच्या तोंडावर पांढऱ्या प्रकाशाच्या दोन रेघा चमकत असतात. पण आपल्या पुढे चाललेली गाडी? पांढरी किंवा करडी कार असेल तर ती धुक्यात साखरेसारखी विरघळते. ब्रेकचे लाल दिवे पेटले की मगच मागच्याला कळते की तिथे गाडी होती. तोवर मध्ये पंधरा-वीस मीटर उरलेले असतात. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर वीस मीटर तिथेच संपले, आणि ब्रेक लागणे ही पुढची गोष्ट.

त्या पुढच्या कारच्या चालकाला थांबवून विचारले तर तो म्हणेल, ‘लाईट चालू आहे की! गाडी ऑटोवर आहे.’ तो खोटे बोलत नसतो. त्याच्या गाडीचे पुढचे दिवे खरोखरच चालू असतात, समोरचा डिस्प्ले झगमगत असतो आणि दांडीवरचा खटका ‘ऑटो’वरच असतो. मागे मात्र काळोख. पंधरा-वीस लाखांच्या गाडीचा मागचा दिवा भर धुक्यात बंद राहतो आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो. यात यंत्राचा बिघाड कुठेच नाही. यंत्र ज्या कामासाठी बनले ते काम ते बरोबर करते, फक्त ते काम नेमके काय हे गाडी विकताना कोणी धड सांगत नाही.

पुढच्या पांढऱ्या रेघा म्हणजे डीआरएल, दिवसा चालणारे दिवे. शोरूममध्ये त्यांची ओळख ‘स्टायलिश एलईडी’ अशी होते आणि गिऱ्हाईकही त्यांना गाडीच्या भुवया समजते. या दिव्यांचे काम रस्ता दाखवणे नाही, समोरच्याला ‘गाडी येत आहे’ एवढेच सांगणे आहे. इंजिन सुरू झाले की ते आपोआप लागतात आणि हेडलाईट लावला की विझतात किंवा मंद होतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे, क्रमांक ८७. त्यानुसार अशा एका दिव्याची तीव्रता समोरून ४०० ते १२०० कँडेला असावी लागते. दिवसाउजेडी नजरेत भरेल इतकी ती असते, पण रात्री रस्ता उजळायला तिचा काही उपयोग नाही. साध्या हॅलोजन हेडलाईटचा एक बल्ब ५५ वॅट वीज खातो, त्यात मागचे दिवेही दिवसभर चालवायचे म्हटले तर तेलाचा खर्च वाढतो. म्हणून दिवसासाठी कमी विजेचा, फक्त पुढचा दिवा वेगळा काढण्यात आला. मागचा दिवा बंद राहण्याचे मूळ या काटकसरीत आहे.

ही कल्पना उत्तर युरोपातली. तिथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला टेकूनच फिरतो, दिवसातले कित्येक तास संधिप्रकाशच. फिनलंडने १९७२ मध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यात दिवसाही दिवे सक्तीचे केले, तर स्वीडनने १९७७ मध्ये ते वर्षभरासाठी केले. कॅनडात १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या गाड्यांना डीआरएल बंधनकारक झाले. युरोपीय संघाने ७ फेब्रुवारी २०११ पासून कारच्या प्रत्येक नव्या मॉडेलला ते सक्तीचे केले आणि पुढच्या वर्षी ट्रक-बसही त्यात आल्या. सगळीकडे हे सहज पचले असे मात्र नाही. ऑस्ट्रियाने २००५ च्या अखेरीस दिवसा दिवे लावण्याची सक्ती केली आणि २००८ च्या पहिल्या दिवशी ती मागे घेतली. सगळ्याच गाड्यांना दिवे लागले की त्या गर्दीत आमचा एकटा दिवा हरवतो, असे युरोपातल्या मोटारसायकलस्वारांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्यही होते.

भारतात चारचाकीला डीआरएलची सक्ती नाही. ते आपल्याकडे आले ते परदेशी डिझाईनबरोबर, फॅशन म्हणून. आपल्याकडे सक्ती झाली ती दुचाकीला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीच्या शिफारशीनंतर १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनबरोबरच लागू लागला. हेडलाईट बंद करण्याचा खटकाच काढून टाकला गेला. ते दिवस अनेकांना आठवत असतील. कॉलेज रोडवरून नवी स्कूटर निघाली की समोरून येणारा प्रत्येक जण हाताची बोटे उघडमीट करून ‘लाईट चालू आहे, लाईट चालू आहे’ अशी खूण करायचा, आणि स्कूटरवाला मान हलवून थकायचा. आता ती खूण जवळपास बंद झाली.

दुचाकीपासून सुरुवात झाली ते योग्यच झाले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ जण रस्ते अपघातांत दगावले आणि त्यात दुचाकीवरचे ४४.५ टक्के होते. पण या नियमाची एक बाजू कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. बहुतेक दुचाकींचा पुढचा दिवा लागला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर लागतो. म्हणजे चोर्ला घाटात भिजत चाललेली लाखभराची स्कूटर मागून दिसते, आणि तिच्या पुढे चाललेली वीस लाखांची कार दिसत नाही.

‘ऑटो’ला नेमके काय दिसते?

इथे कारवाला म्हणेल, डीआरएलचे जाऊ द्या, माझा हेडलाईटसुद्धा ऑटो आहे, अंधार पडला की आपोआप लागतो. बरोबर आहे. पण धुके म्हणजे अंधार नव्हे.

ऑटो हेडलाईटचा सगळा कारभार एका छोट्या सेन्सरवर चालतो. तो पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला आरशामागे असतो, किंवा डॅशबोर्डवर काचेजवळ अर्ध्या गोळीसारखा काळा उंचवटा असतो तो. त्याच्यावर किती प्रकाश पडतो एवढेच तो मोजतो. बऱ्याच गाड्यांत याचे दोन डोळे असतात. एक आभाळाकडे पाहतो आणि दुसरा समोर. पुलाखालून जाताना क्षणभर सावली पडली तर दिवे लावायचे नाहीत, बोगदा आला तर ताबडतोब लावायचे, हा फरक त्यावरून ठरतो. संध्याकाळी झाडांच्या सावलीतून जाताना दिवे सारखे लागू-विझू नयेत म्हणून लागण्याची आणि विझण्याची पातळीही वेगवेगळी ठेवलेली असते.

या पातळ्यांचे आकडे पाहिले की घाटातले कोडे सुटते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ४८ मध्ये असे आहे, की बाहेरचा प्रकाश १००० लक्सच्या खाली गेला की हेडलाईट २ सेकंदांत लागला पाहिजे. प्रकाश ७००० लक्सच्या वर गेला की तो ५ ते ३०० सेकंदांच्या आत विझला पाहिजे. मधल्या पट्ट्यात काय करायचे ते कंपनीने ठरवावे. आता अंदाज यावा म्हणून, ट्यूबलाईट लावलेल्या घरातल्या खोलीत शे-दोनशे लक्स प्रकाश असतो आणि उन्हाळ्यातल्या भर दुपारी उघड्यावर लाखभर लक्स. पावसाळ्यातली ढगाळ दुपार यांच्या मधे कुठेतरी येते, पण तेव्हाही उघड्या माळावर काही हजार लक्स सहज असतात. धुके तर स्वतःच पांढरे, सगळीकडून उजेड परतवणारे. सेन्सरला चहूबाजूंनी दुधासारखा प्रकाश दिसतो आणि तो खुशाल ठरवतो की दिवस आहे, दिवे कशाला हवेत! समोरचे किती लांब दिसते हे तो मोजतच नाही.

काही गाड्यांत यावर अर्धा उपाय आहे. वायपर थोडा वेळ सलग चालले की हेडलाईट आपोआप लागतो. पावसाचा सेन्सर काचेच्या आतून न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. काच कोरडी असेल तर तो आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो, थेंब पडला की त्यातला काही बाहेर निसटतो. किती निसटला त्यावरून वायपरचा वेग ठरतो. ज्या गाडीत ही जोडणी आहे तिथे धुवाधार पावसात मागचे दिवे लागतील. पण कणकुंबी-चोर्ल्याच्या पट्ट्यात, आंबोलीत किंवा अनमोड घाटात नुसते धुके असते, पाऊस नसतो, तेव्हा वायपर अधूनमधून एकदा फिरतो. मग ही युक्तीही कामाला येत नाही. शिवाय कुठल्या गाडीत ही सोय आहे आणि कुठल्या गाडीत नाही, ते ओळखायला पुस्तिका उघडावी लागते. गाडीची पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढणारे किती, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

सेन्सरचे आणखी घरगुती घोटाळे आहेत. डॅशबोर्डवरच्या त्या काळ्या उंचवट्यावर नेमकी गणपतीची मूर्ती बसते, किंवा टोलच्या पावत्या आणि फडके पडते. मग सेन्सरला कायमची रात्र होते आणि भर उन्हात हेडलाईट चालू राहतो. हा प्रकार निरुपद्रवी. उलटा प्रकार जास्त वाईट आहे. गाडी धुवायला किंवा गॅरेजला दिली, तिथे कुणीतरी खटका ‘ऑटो’वरून ‘बंद’वर नेला आणि मालकाने महिनाभर पाहिलेच नाही. डीआरएल तर चालूच असतो, म्हणून शहरातल्या पथदिव्यांच्या उजेडात ही चूक लक्षात येत नाही.

पूर्वी लक्षात यायची, कारण जुन्या गाड्यांत रात्री दिवे लावले नाहीत तर स्पीडोमीटरही दिसत नसे. काटा दिसेना म्हणून तरी माणूस दिवा लावायचा. आता डिस्प्ले चोवीस तास उजळलेला, त्यामुळे ती नकळत मिळणारी आठवण गेली.

कॅनडाने केलेली दुरुस्ती

डीआरएलची सक्ती करून तीस वर्षे झालेल्या कॅनडाला हा धोका अनुभवातून कळला. पुढे डीआरएल, आत झगमगता डिस्प्ले आणि मागे अंधार अशा गाड्यांना तिथे भुताच्या गाड्या म्हणू लागले. अखेर तिथल्या सरकारने नियम बदलला. सप्टेंबर २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला तीन पर्यायांपैकी एक करणे भाग पडले. डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागावेत, किंवा उजेड कमी होताच पुढचे-मागचे सगळे दिवे आपोआप लागावेत, किंवा दिवे लावल्याशिवाय समोरचा डिस्प्ले उजळूच नये. तिसरा पर्याय म्हणजे जुन्या गाड्यांतली तीच आठवण नियमाने परत आणणे.

यांतला पहिला पर्याय आपल्या घाटांना जास्त लागू पडतो. दुसऱ्यात पुन्हा सेन्सरच आला, आणि त्याचे धुक्यातले आंधळेपण वर पाहिलेच. तिसरा रात्रीसाठी ठीक आहे, दिवसाच्या धुक्यात डिस्प्ले अंधुक असला तरी वाचता येतो. मागचे दिवे एलईडी झाल्यापासून त्यांचा विजेचा खर्चही नगण्य झाला आहे, तेव्हा काटकसरीची जुनी सबब आता टिकत नाही. दुचाकीला जमले ते कारला जमणार नाही, असे म्हणायला काही कारण उरत नाही. केंद्राने डीआरएल चारचाकीला सक्तीचे करायचे ठरवले तर ते मागच्या दिव्यासकटच करावे. नाहीतर युरोपाचा अर्धा नियम उचलल्यासारखे होईल.

तोपर्यंत कायदा काहीच सांगत नाही असे मात्र नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०५ अनेकांना फक्त ‘सूर्यास्तानंतर दिवे’ एवढाच माहीत असतो. त्यात पुढेही आहे, की ज्या कोणत्या वेळी १५५ मीटरवरचा माणूस किंवा वाहन स्पष्ट दिसत नसेल तेव्हाही दिवे लावायचे. पुढचे आणि मागचे दोन्ही. म्हणजे धुक्यात दुपारी तीन वाजता नुसत्या डीआरएलवर चाललेली गाडी कायद्याच्या दृष्टीने बिनदिव्याची गाडी आहे. गाडी ऑटोवर होती ही सबब त्या नियमात बसत नाही.

सीमाभागाला याचे महत्त्व अधिक, कारण इथून गोव्याला किंवा कोकणात जायचे तर घाट चुकत नाही. चोर्ला घ्या, आंबोली घ्या, अनमोड घ्या नाहीतर तिलारी, पावसाळ्याचे चार महिने धुके आहेच. रस्ता एका दमात दोन-तीन राज्ये ओलांडतो. दिव्यांचा नियम मात्र सगळीकडे एकच, केंद्राचा. घाटाच्या दोन्ही तोंडांशी ‘हेडलाईट लावा’ असे सांगणारा ठळक फलक पावसाळ्यापुरता उभा केला तरी पुष्कळ काम होईल. फलक कोणत्या भाषेत, हा वाद इथे नवा नाही. पेटलेल्या दिव्याचे नुसते चित्र काढले तरी चालण्यासारखे आहे.

कारवाई एरवी कशावर होते तेही पाहण्यासारखे आहे. २०२४ च्या जुलैमध्ये कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम घेतली. कलम १७७ खाली गुन्हे नोंदवले गेले, ज्यात पहिल्या वेळेचा दंड ५०० रुपये आहे. मोहीम गरजेची होती. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाईटमध्ये बाहेरून आणलेला एलईडी बल्ब बसवला की प्रकाशाचा उगम मूळ तारेच्या जागी राहत नाही, आणि आरसा तो प्रकाश खाली रस्त्यावर टाकण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत फेकतो. डिपर मारूनही उपयोग होत नाही, कारण डिपरच बिघडलेला असतो. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात रात्री गाडी चालवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पण जास्त प्रकाशाची तक्रार करणारा समोर असतो, तो लगेच ओरडतो. कमी प्रकाशाची तक्रार करायला मागचा उरेलच असे नाही. देशातल्या अपघातांत मागून धडक हा सर्वांत मोठा प्रकार आहे, साधारण पाचातला एक. यात उभे ट्रक येतात, बिनदिव्याच्या ट्रॉल्याही येतात, त्यामुळे सगळा दोष डीआरएलच्या माथी मारता येणार नाही. तरी मागचा दिवा ही चैनीची गोष्ट नाही, एवढे त्यावरून कळते.

ट्रॉलीचा विषय निघालाच आहे तर. गळीत हंगाम सुरू झाला की ‘उसाच्या ट्रॉलीला मागे लाईट नाही, साधा रिफ्लेक्टरही नाही’ ही ओरड दरवर्षी होते आणि ती रास्तच असते. कारखान्याच्या वाटेवर अंधारात उभी असलेली ट्रॉली किती घरे उजाड करते हे या भागाला माहीत आहे. पण डिसेंबरात ट्रॉलीवाल्याला शिव्या घालणारा कारवाला जुलैत चोर्ल्याच्या धुक्यात स्वतः तसाच जातो. ट्रॉलीवाल्याला निदान आपल्या मागे दिवा नाही हे माहीत असते.

चालकाला करायचे ते थोडेच आहे. एकदा घराच्या दारात दिवसा गाडी सुरू करून, हँडब्रेक ओढून, खाली उतरून मागे जाऊन पाहावे. नुसत्या डीआरएलवर मागे लाल दिवा लागतो का? काही मॉडेलना लागतो, बऱ्याच जणांना लागत नाही. लागत नसेल तर घाट चढायला लागताना खटका ‘ऑटो’वरून हाताने हेडलाईटवर न्यायचा, एवढीच सवय. नुसता पार्किंगचा दिवा लावला तर मागचे लाल दिवे लागतात, पण पुढे धुक्यात तो पुरत नाही, म्हणून हेडलाईटच आणि तोही डिपरवर. अप्पर मारला की धुक्याचे थेंब तोच प्रकाश परत तोंडावर फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.

धुक्यात चारी इंडिकेटर लावून गाडी चालवायची पद्धत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. हेतू चांगला असतो. पण वळणावळणाच्या रस्त्यावर पुढचा उजवीकडे वळणार की डावीकडे, गाडी उभी आहे की चालू, हे मागच्याला काहीच कळत नाही. ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत.

ज्यांच्या गाडीला मागचा फॉग लाईट आहे त्यांनी तो दाट धुक्यात जरूर लावावा. साधा मागचा दिवा ४ ते १७ कँडेलाच्या आसपासचा, तर हा १५० ते ३००, म्हणजे धुके फाडून दिसणारा. फक्त साखळीच्या बाजूला घाट उतरून धुके संपले की तो आठवणीने बंद करायचा. कोरड्या हवेत तोच लाल दिवा मागच्याच्या डोळ्यांत खुपतो, आणि ब्रेक लागला की नाही हेही त्याच्या लखलखाटात कळेनासे होते.